चार लाख कामकरी

कस्टमच्या कचेरीत जायचं म्हणून सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो पाहूनच सुनेला धडकी भरली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालत ते फक्त भांडायला जाताना. आज भांडून भागणार नव्हतं. आज कुणाचे तरी पाय धरायची वेळ होती, आणि ते काम सासऱ्यांना जन्मात जमलेलं नव्हतं.

घरात माणसं दोनच, सासरे आणि सून. बाकी सगळ्या मधमाश्या. नवरा दूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता, कारण माशी डसली की त्याचा गळा सुजायचा आणि श्वास अडकायचा. मधमाश्या पाळणाऱ्याच्या पोटी जन्म घ्यायचा आणि माशीच सोसायची नाही, याला काय म्हणावं! डॉक्टरांनी त्याला पेट्यांपासून कायमचं तोडलं, तेव्हापासून पेट्या सुनेनं सांभाळल्या. सुरुवातीला ती जाळीच्या टोपीतसुद्धा डोळे मिटून घ्यायची. आता ती उघड्या हातांनी पोळ्याच्या चौकटी उचलायची, आणि नुसत्या गुणगुणीवरून कुठल्या पेटीचं काय बिनसलंय ते तिला कळायचं.

आणि बिनसलं होतं ते भलतंच. माश्यांच्या अंगावर एक बारीक कीड बसते आणि त्यांना शोषून घेते. तिच्यावरचं औषध वाफेचं असतं, ते गार दिवशीच पेटीत ठेवायचं. या दोघांनी ठेवलं तेव्हा आभाळ भरलेलं होतं. दुपारी ढग पांगले आणि असं रणरणतं ऊन पडलं, की पेट्यांच्या आत भट्टी झाली. कीड मेली. पिल्लं मेली. आणि एकूण एक पेटीतली राणी मेली. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

राणी मेली म्हणून पेटी लगेच मरत नाही, आणि माणूस फसतो तो तिथेच. कामकरी माश्या येतात-जातात, मध आणतात, दारावर पहारा देतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. पण आत नवं अंडं पडत नाही. काही दिवस असेच गेले की कामकरी माश्यांपैकीच काही जणी अंडी घालायला लागतात. त्या अंड्यांतून निपजतात फक्त नर, खायला काळ आणि भुईला भार. याहून वाईट म्हणजे, त्या पेटीला मग वाटायला लागतं की आपल्याकडे राणी आहे. अशा पेटीत खरी राणी नेऊन सोडली, तर तिला घोळक्यात घेऊन मारून टाकतात. म्हणजे राण्या आणायच्या, त्या याच्या आत आणायच्या.

जवळपासच्या कुणाकडे राण्या नव्हत्या. त्यांचा हंगाम सरला होता. जिथे इकडच्या उलट ऋतू चालतो, अशा एका लांबच्या देशातला माणूस राण्या द्यायला तयार झाला. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला मिळाला. राहिलं काय, तर बाहेरून माल मागवणारा धंदा म्हणून कस्टमकडे नाव नोंदवायचं. सासरे म्हणाले, "ते मी बघतो. आयुष्यभर फॉर्मच भरत आलोय." अर्ज गेला, पोच आली, राण्या विमानात बसल्या. आणि आता राण्या कस्टमच्या गोदामात येऊन पडल्या होत्या, पण नोंदणीचा पत्ता नव्हता.

खिडकीतल्या बाईंनी अर्जाचा क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे.

"तुमची फाइल इथे नाही. तिसऱ्या मजल्यावर गेलीय."

"तिथे काय असतं?" सुनेनं विचारलं.

"मोठे उद्योग," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आणि चौकशी."

सासरे जिना चढताना खूश होते. "बघ, मोठे उद्योग म्हणाली. किती वर्षं झाली या धंद्याला! कुणीतरी दखल घेतली एकदाची." सून भराभर पायऱ्या चढत होती.

तिसऱ्या मजल्यावरचे साहेब तोंडात खोकल्याची गोळी चघळत होते. त्यांनी समोर बसा म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं, त्यात पाहुणचार नव्हता.

"मालक कोण?"

"मी," सासरे छाती काढून म्हणाले.

"तुमच्याकडे कामकरी किती?"

"चार लाख. थोडे इकडे तिकडे. आत्ता कमी असतील, हंगाम वाईट गेला."

"सगळ्या स्त्रिया?"

"अर्थात! कामकरी म्हटल्यावर सगळ्या माद्याच. नर काही काम करत नाहीत."

साहेबांचं पेन थांबलं. "त्यांना ठेवता कुठे?"

"पेट्यांत. लाकडी आहेत, मी स्वतः बनवतो. जागा कमी पडली की वर आणखी एक मजला चढवतो."

"मजुरी किती देता?"

"मजुरी कसली? थंडीत साखरेचा पाक देतो. तेवढं पुरतं त्यांना."

"आणि पळून गेल्या तर?"

"पळतात कधीकधी," सासरे प्रांजळपणे म्हणाले. "मग मागोमाग जाऊन पोत्यात भरून आणायचं."

सून ताडकन उठली. "माश्या!" ती ओरडली. "साहेब, मधमाश्या! बाबा मधमाश्यांचं सांगताहेत!"

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. सासरे अर्ज भरायला गेले होते ते कोपऱ्यावरच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. दुकानदार मान वर न करता एकेक रकाना वाचत गेला आणि सासरे सांगतील ते टाइप करत गेला. एकूण कामकरी? चार लाख. पैकी स्त्रिया? सगळ्याच. मजुरी? शून्य. राहण्याची सोय मालकाकडून? होय. माश्या पाळणाऱ्या माणसाला 'कामकरी' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! आयुष्य त्या शब्दासोबत गेलेलं. आणि कॉम्प्युटरला काय, त्यानं चार लाख बिनपगारी, मालकाकडेच राहणाऱ्या बायका पाहिल्या आणि इमानेइतबारे धोक्याची घंटा वाजवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

साहेब हसले. इतके हसले की त्यांची गोळी घशात गेली आणि पाणी मागवावं लागलं. सूनही हसली, सुटल्यासारखी. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," साहेब डोळे पुसत म्हणाले. "पण फाइल एकदा चौकशीला लागली, की मला तिच्यात अक्षरसुद्धा बदलता येत नाही. निरीक्षक जागेवर येणार, पाहणी करणार, अहवाल देणार, मग फाइल खाली."

"निरीक्षक कधी येतील?"

"रजेवर आहेत."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली त्याच्याकडे बहुधा सहा महिने असावेत. सुनेकडे नव्हते. तिनं साहेबांना सगळं सांगितलं: पिंजऱ्यातल्या राण्या किती दिवस तगतात, पेट्यांत काय होतं, उशीर झाला तर काय होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "कळतंय हो मला. पण माझे हात बांधलेले आहेत." सुनेनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. गुबगुबीत, मोकळे हात होते.

गोदाम आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथला माणूस आधी नाही म्हणाला, मग तिचं तोंड पाहून म्हणाला, "लांबून बघा. हात लावायचा नाही." जाळीच्या दारापलीकडे, टायर आणि पंख्यांच्या खोक्यांमध्ये, बुटाच्या खोक्याएवढं ते पार्सल होतं. बाजूला भोकं पाडलेली. सुनेनं जाळीला कान लावला. पंख्याच्या घरघरीखालून आवाज येत होता, बारीक, पण येत होता.

"दादा, तुमच्या पाया पडते. बोट पाण्यात बुडवा आणि त्या भोकांवर एकेक थेंब सोडा. जास्त नको, बुडतील. एवढंच करा."

"नोंद झाल्याशिवाय मालाला पाणी द्यायचं, असं कुठल्याच नियमात नाही," तो कुरकुरला. "देऊ नये असंही नाही म्हणा." आणि तो पाण्याची बाटली घेऊन आत गेला.

मग रोज तेच. सकाळची बस, खिडकी, तिसरा मजला, गोदाम, परतीची बस. सासरे रोज सोबत यायचे. इस्त्रीचा शर्ट दुसऱ्या दिवशी चुरगळला होता आणि मग त्याला पुन्हा इस्त्री झालीच नाही. बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत बसायचे. एकदाच म्हणाले, "तो वाचत होता ना, तेव्हा मला वाटलं, काय नेमका अर्ज केलाय सरकारनं. आपल्या धंद्याची केवढी माहिती आहे यांना." सुनेला त्यांचा इतका राग आला होता की तिनं दात आवळून धरले. ओरडावं, म्हणावं, विचारायला काय झालं होतं मला? पण म्हाताऱ्या माणसाच्या मानेची शीर उडताना दिसत होती. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचाही तिला राग आला.

घरी आल्यावर ती पेट्या उघडायची, पोळ्यातल्या घरांच्या तळाशी डोळे लावून अंडी शोधायची. रिकामी घरं दिसली की बरं वाटायचं. एरवी पेटीत अंडी नसली की छाती धडधडते. आता अंडी दिसू नयेत म्हणून जीव टांगणीला लागला होता. माश्या मात्र चिडखोर झाल्या होत्या. त्यांचा आवाज बदलला होता, कुणीतरी न थांबता कण्हत असावं तसा. नवऱ्याचा फोन यायचा, "काय झालं?" आणि ती सांगायची, "होईल उद्या." खोटं बोलताना ती नेहमी घरात यायची. पेट्यांसमोर उभं राहून तिला ते जमत नसे.

शेवटी एका सकाळी गोदामवाला स्वतःच जाळीशी आला. "ताई, एका बाजूचा आवाज कमी झालाय."

सून तिसऱ्या मजल्यावर धावत गेली. साहेबांच्या टेबलावर तिनं दोन्ही हात टेकले आणि ती रडली. ठरवून नाही, तिला रडायचंही नव्हतं. "आत्ताच्या आत्ता काहीतरी सांगा. नाहीतर 'नाही' म्हणा तरी. 'नाही' असं एकदा म्हणा, म्हणजे मी उद्या येणार नाही."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "एक वाट आहे," ते म्हणाले. "मी सांगितली नाही, कारण ती सांगायला मला बरं वाटत नव्हतं. चौकशी या धंद्याची चालू आहे. धंदा बंद केल्याचं मालकानं लिहून दिलं, तर अर्ज बाद होतो. मग त्याच जागेवर नवा धंदा, दुसऱ्या मालकाच्या नावानं. एक-दोन माणसांचा छोटा धंदा असेल तर नोंदणी खालच्या खिडकीवर त्याच दिवशी होते. जुन्यानं माल नव्याच्या नावे केला, की झालं. पण जुनं नाव पुन्हा वापरता येणार नाही. कधीच."

जुनं नाव म्हणजे सासऱ्यांचं नाव. ते बरण्यांवर होतं, फाटकावर होतं, प्रत्येक पेटीच्या बुडाशी तापल्या लोखंडानं उमटवलेलं होतं. गावात लोक त्यांना त्या नावानंच ओळखत. घरातलं हाकेचं नाव कुणाला ठाऊकही नव्हतं. मागोमाग आलेल्या सासऱ्यांकडे वळून पाहायची सुनेची हिंमत झाली नाही.

"कुठं सही करायची?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यांनी सही केली. ती वाचून पाहिली. मग 'धंदा बंद करण्याचे कारण' या रकान्यावर पेन घेऊन ते जरा थांबले आणि त्यांनी लिहिलं, 'मालकाची चूक.' साहेब म्हणाले, "अहो, वय लिहा, चालतं." सासरे म्हणाले, "राहू दे."

खाली खिडकीवर बाईंनी नवा अर्ज उघडला. मालक म्हणून सुनेचं नाव लागलं. लग्न होऊन आल्यापासून ती या पेट्यांत राबत होती आणि आजवर तिचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त घाई झाली होती.

"कामकरी?" बाईंनी विचारलं, आणि खिडकीच्या अल्याडपल्याड सगळ्यांनी श्वास रोखला.

"एक," सासरे म्हणाले. "मी."

"मजुरी?"

"दोन वेळचं जेवण."

"आजोबा, आकडा सांगा. नाहीतर परत वर जाईल."

सुनेनं तोंडाला येईल तो आकडा सांगितला. "एवढे?" सासरे दचकून म्हणाले. बाई हसल्या. ठक्कन शिक्का बसला.

पार्सल सुनेच्या हातात आलं. आवारातल्याच एका बाकावर तिनं ते उघडलं. आत काड्यापेटीएवढे लाकडी पिंजरे, प्रत्येकाला जाळी, आत एक राणी आणि तिला भरवणाऱ्या चार-पाच कामकरी. एका पिंजऱ्यात सगळ्याच मेल्या होत्या. दुसऱ्यात भरवणाऱ्या मेल्या होत्या आणि राणी एकटीच जाळीला धरून होती. पण बाकीच्या, बाकीच्या सगळ्या जिवंत होत्या! लांबट, तांबूस, चमकदार राण्या. सासऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "आहेत गं," ते म्हणाले. "आहेत!" बसमध्ये ते खोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरलं.

ऊन कलायच्या आत दोघं पेट्यांपाशी पोचले. सुनेनं पहिल्या पेटीचं झाकण काढलं, धूर दिला, मधली चौकट वर उचलली आणि उजेडाकडे धरली.

घरांत अंडी होती. एका घरात दोन, एकात तीन, एकात पाच. तळाशी नाही, भिंतींना चिकटवलेली, वेडीवाकडी. राणी घरात एकच अंडं घालते, नीट मधोमध. ही राणीची नव्हती.

तिनं दुसरी पेटी उघडली. मग तिसरी. काल रिकाम्या दिसलेल्या घरांतही आज अंडी होती. एका बाजूनं तिनं पेट्या उघडत नेल्या, दुसऱ्या टोकापर्यंत, आणि शेवटच्या पेटीची चौकट तिनं न बघताच परत ठेवली. मग पुन्हा काढून पाहिली.

"पिंजरा ठेवून तर बघ," सासरे म्हणाले.

तिनं एक पिंजरा चौकटींवर ठेवला. माश्या जाळीवर चढल्या. राणी हवी असते तेव्हा त्या सैल चालतात, बोटानं सारल्या की बाजूला होतात. सुनेनं बोट फिरवलं. एकही हलली नाही. त्या जाळीला घट्ट धरून होत्या, शेपट्या आत वळवून, डंख मारायला भोक शोधत.

"एकीला सोडून बघू," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एकच पोरी. कधीकधी घेतात. मी पाहिलंय."

"मारतील हो बाबा."

"एकच."

तिला माहीत होतं. तरी तिनं पिंजऱ्याचं दार सरकवलं, कारण त्यांना नाही म्हणायची ताकद तिच्यात उरली नव्हती. राणी बाहेर आली, चौकटीच्या काठावर दोन पावलं चालली. मग ती दिसेनाशी झाली. तिच्याभोवती अक्रोडाएवढा माश्यांचा गोळा झाला आणि घट्ट होत गेला. सुनेनं उघडा हात आत घातला, गोळा मुठीत धरला, फोडला. तिला किती डंख बसले ते तिनं पाहिलं नाही. तळहातावर राणी होती. एक पंख तुटलेला, पाय हलत होते. तिनं तिला पुन्हा पिंजऱ्यात सरकवलं आणि दार लावलं.

सासरे उलट्या टोपलीवर बसले. "माझ्यामुळे," ते म्हणाले. आणखीही काही म्हणायचं असावं, पण ओठ नुसतेच हलत राहिले. ते रडत आहेत हे कळायलाही तिला थोडा वेळ लागला. तिनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. नाही हो बाबा, असं म्हणावं असं तिला फार वाटलं. पण ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. ती त्यांच्या शेजारी मातीत बसली. सुजायला लागलेला हात तिनं त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सवयीनं एकेक काटा नखानं खरवडून काढू लागले.

"यांना आता राणी नकोय," ती म्हणाली. "यांना वाटतंय, आहे."

"मग या राण्या?"

या राण्या जिवंत होत्या. इतक्या लांबून आल्या होत्या, कुठेतरी त्यांना जागा मिळायला हवी होती, आणि तीही उजाडायच्या आत. टेकडीपलीकडे मधमाश्या पाळणारं एक जोडपं होतं, त्यांच्याही काही पेट्या त्या उन्हानं घेतल्या होत्या. पण त्यांच्याकडे राणी असलेल्या पेट्या उरल्या होत्या, लहान पिल्लं होती, नव्या वसाहती पाडता आल्या असत्या. सुनेनं दुसऱ्या हातानं फोन लावला.

"राण्या आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "चांगल्या आहेत. लगेच या आणि घेऊन जा. नाही, पैसे नकोत. पाणी लावत राहा फक्त."

पलीकडची बाई गोंधळली. मग आनंदली, मग एकदम थांबली. "अगं पण, तुमच्या पेट्या?"

सुनेनं मान वर करून पाहिलं. संध्याकाळच्या उन्हात माश्या परतत होत्या, पायांना पिवळा पराग लागलेल्या. दारातून आत जात होत्या, लगबगीनं, रोजच्यासारख्या.

"आहेत ना," ती म्हणाली. "पेट्या आहेत सगळ्या." आणि मग तिला पुढं बोलता येईना, तेव्हा सासऱ्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि यायचा रस्ता सांगायला लागले.